अठराविश्वे दारिद्र्य: यातले ‘विश्वे’ आले कुठून?

प्रश्न नागपूरच्याच एका ताईंचा आहे. आजोबांच्या जन्मशताब्दीनिमित्त घरातली मंडळी एक छोटी स्मरणिका काढताहेत. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते, त्याआधीचं बालपण फार ओढगस्तीचं. ताईंनी लिहिलं, ‘त्यांच्या घरी अठराविश्वे दारिद्र्य होते.’ टाइप करणाऱ्याने त्याचं ‘अठरा विश्व’ केलं. काकांनी ते खोडून ‘अठरा विसे’ केलं, वर समासात ‘१८ × २० = ३६०’ असा हिशेबही मांडून दिला. आता तीन रूपं, तीन मतं, आणि छापखान्यात पानं द्यायची आहेत. बरोबर काय, अर्थ काय, आणि हा शब्द आला कुठून, असं त्या विचारतात.

मुद्रितं तपासण्यात आणि शब्दांच्या चिठ्ठ्या लावण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे हा वाद मला नवा नाही. दर दोन-चार वर्षांनी कुठल्या ना कुठल्या मजकुरात तो डोकं वर काढतोच.

छापायचं असेल तर ‘अठराविश्वे दारिद्र्य’ असंच छापा. अर्थ: पराकोटीची, हटता हटत नाही अशी गरिबी. ‘विश्व’ म्हणजे जग, त्याच्याशी याचा काही संबंध नाही. संबंध आहे तो ‘वीस’ या आकड्याशी. इथपर्यंत जाणत्यांचं बहुतेक एकमत आहे. मतभेद पुढचा आहे: अठरा वेळा वीस, की विसांपैकी अठरा? तुमचे काका पहिल्या बाजूचे, मी दुसऱ्या.

आधी ‘विश्व’ निकालात काढू. आपल्या परंपरेत लोक तीन आहेत, भुवनं चौदा आहेत. अठरा विश्वं कुठेच नाहीत, ना पुराणात, ना कीर्तनात. अठरा पुराणं आहेत, महाभारताची पर्वं अठरा, गीतेचे अध्याय अठरा, युद्धाचे दिवस अठरा. विश्वं मात्र कुणी मोजलेली नाहीत. संस्कृत येणारे काही जण यापुढे जाऊन सांगतात की ‘विश्वे’ हे वेदातलं अनेकवचन आहे, ‘विश्वेदेव’ या शब्दातलं, आणि त्याचा अर्थ ‘सगळे’. अर्थ खरा आहे. पण भाकरीची भ्रांत असलेल्या घराबद्दल बोलताना गावातली म्हातारी वैदिक अनेकवचन वापरेल, हे काही पटत नाही.

आता काकांचं गणित. ते वर्षानुवर्षं शाळांमधून सांगितलं जातं आणि ऐकायला फार गोड वाटतं. अठरा विसे म्हणजे तीनशे साठ. बारा महिने, महिन्याच्या तीस तिथी, म्हणून वर्षाच्या तीनशे साठ तिथी. वर्षाचा एकही दिवस ज्या घरी दारिद्र्यावाचून जात नाही, ते अठराविश्वे दारिद्र्य. हे स्पष्टीकरण उगाच कुणीतरी हवेतून काढलेलं नाही, हेही सांगतो. विसांनी मोजायची रीत आपल्याकडे पक्की होती. आमच्या मोहल्ल्यात गवऱ्या विकायला एक बाई यायची. पाटी उतरवली की दोन्ही हातांनी दोन-दोन गवऱ्या उचलून मांडत जायची आणि वीस झाल्या की एक गवरी वेगळी बाजूला ठेवायची. शेवटी त्या बाजूच्या गवऱ्यांवर बोट ठेवत म्हणायची, ‘एक वीस, दोन विसा, तीन विसा, अन् हे वरचे सात.’ सदुसष्ट हा शब्द तिच्या तोंडून कधी ऐकला नाही. तिला शंभर विचारले तर ‘पाच विसा’. कापडाच्या व्यापारात ‘कोडी’ म्हणजे वीस नगांचा गठ्ठा, तेही याच जातीचं माप. तेव्हा अठरा विसा म्हणजे तीनशे साठ हे कुणालाही सहज कळलं असतं.

तरीही मला हे पटत नाही, आणि त्याची कारणं दोन.

पहिलं कारण बोलीचं. वर्षभर चालणाऱ्या गोष्टीला मराठी माणूस काय म्हणतो? बारमाही. बारा महिने. ‘बारा महिने तेरा काळ.’ संकटावर संकट आलं तर ‘दुष्काळात तेरावा महिना’, म्हणजे आधीच पोटाला नाही आणि त्यात अधिक मास. आपल्या म्हणींमधलं वर्ष महिन्यांनी मोजलेलं असतं. दिवस विसांनी मोजून वर्ष सांगायची रीत बोलण्यात दुसरीकडे कुठे भेटत नाही. ‘अठरा विसे आजारपण’ नाही, ‘अठरा विसे पाऊस’ नाही. एकाच वाक्प्रचारापुरतं वर्ष असं मोजलं गेलं असेल, हे मानणं मला जड जातं.

दुसरं कारण अक्षराचं आहे, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ‘वीस’चं अनेकवचन मोजणीत ‘विसा’ होतं. फार तर ‘विसे’ होईल. मग ‘विश्वे’मधला दुसरा ‘व’ कुठून आला? काकांच्या बाजूचे लोक म्हणतात, ‘विश्व’ या शब्दाच्या प्रभावाने तो घुसला. घुसू शकतो, अशी उदाहरणं भाषेत असतात. पण जिथे तो ‘व’ मुळातच असलेला एक शब्द हाताशी आहे, तिथे घुसवण्याची गरजच काय?

तो शब्द म्हणजे ‘विसवा’, हिंदीतला ‘बिस्वा’. अर्थ, कुठल्याही गोष्टीचा विसावा हिस्सा. नागपूरकरांना हा शब्द परका वाटायचं कारण नाही. आपलं शहर १८६१ पासून मध्यप्रांताची राजधानी होतं आणि पुढे १९५६ पर्यंत मध्य प्रदेशाचीही. इथे कचेरीत, बाजारात, रेल्वेत मराठी आणि हिंदी खांद्याला खांदा लावून चालत आल्या आहेत. आजही उत्तर प्रदेशातून आलेल्या एखाद्या पाणीपुरीवाल्याला ‘गावाकडे शेती किती?’ विचारा, तो बिस्व्यात सांगेल. बिघ्याचे वीस बिस्वे. आपल्याकडच्या जुन्या जमीनमोजणीत बिघ्याच्या विसाव्या भागाला पांड म्हणत, वीस काठ्यांचा एक पांड आणि वीस पांडांचा एक बिघा. म्हणजे नाव वेगळं असलं तरी विभागणी विसांचीच.

आता त्या ‘व’चा उगम. संस्कृतात ‘विंशोपक’ असा शब्द आहे, विसावा भाग या अर्थाचा. मध्ययुगातल्या राजस्थान-गुजरातकडच्या लेखांत विंशोपक नावाचं नाणंही भेटतं, द्रम्म नावाच्या जुन्या नाण्याच्या विसाव्या हिश्शाचं. ज्योतिषात ग्रहाचं बळ विसांपैकी किती हे सांगायचं तर ‘विंशोपक बळ’ म्हणतात. संस्कृतातला दोन स्वरांमधला ‘प’ प्राकृतातून येताना ‘व’ होतो, हा अगदी ठरलेला प्रवास आहे. दीपाचा दिवा झाला, कपाटाचं कवाड झालं, नापिताचा न्हावी झाला. तसाच विंशोपकाचा विसवा. एक विसवा, अनेक विसवे. घोडा-घोडे, तसं विसवा-विसवे. ‘अठरा विसवे’ हे रूप व्याकरणाने आपोआप तयार होतं, त्याला कुठूनही काही उसनं आणावं लागत नाही. उरलं फक्त ‘स’चं ‘श’ होणं. ते दोन कारणांनी झालं असावं. एक तर ‘इ’च्या शेजारी मराठीला ‘श’ आवडतो, वीस पण विशी, तीस पण तिशी. आणि दुसरं, लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर ‘विश्व’ हा ओळखीचा, भारदस्त शब्द होता, हात तिकडे वळला. माझ्या मते ‘विश्व’ने या वाक्प्रचारात ढवळाढवळ केली ती एवढीच, एका अक्षराची.

आता कुणी म्हणेल, जमिनीचं माप दारिद्र्याला कसं लागेल? तर बिस्वा नुसत्या जमिनीपुरता राहिलाच नव्हता. हिंदी पंचांगात वर्षफळ देतात, त्यात पाऊस किती, धान्य किती, गवत किती, वारा किती, हे ‘विश्वा’ या मापात सांगितलेलं असतं. त्या यादीत क्षुधा असते, तृषा असते, निद्रा, आळस, लोभ, क्रोधसुद्धा असतो. भूक इतके विश्वे! एखादं जुनं हिंदी पंचांग हाती आलं तर वर्षफळाचं पान जरूर उघडून बघा. तिथे तुमचा ‘श’ आणि ‘व’ दोन्ही जागच्या जागी दिसतील. कनौजिया ब्राह्मणांमध्ये तर कुळाची प्रतिष्ठाही बिस्व्यांत मोजत, वीस बिस्वे म्हणजे सर्वांत उच्च. आणि हिंदीत ‘बीस बिस्वे’ म्हणजे नक्की, पुरतं, शंभर टक्के. आपण ‘सोळा आणे खरं’ म्हणतो ना, रुपयाचे सोळा आणे म्हणून? अगदी तीच रीत. पूर्ण मापाचे हिस्से मोजून ‘किती’ ते सांगायचं.

म्हणजे अठराविश्वे दारिद्र्य हे विसांपैकी अठरा हिस्से दारिद्र्य. आजच्या हिशेबात नव्वद टक्के.

मग वीसच का नाही? हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो. एक उत्तर असं की वीस विश्वे दारिद्र्य असलेलं घर उरतच नाही, त्याच्याबद्दल बोलायला कुणी शिल्लक नसतं. पण खरं सांगू? मला वाटतं अठरा हा आकडाच मराठीला प्यारा आहे. अठरापगड जाती, अठरा अलुतेदार, शिवकाळातले अठरा कारखाने, अठरा धान्यांचं कडबोळं. ‘सगळ्या प्रकारचं, सगळीकडून’ असं म्हणायचं असलं की मराठीच्या तोंडात अठरा येतो. विसांच्या मापात अठरा बसलाही छान, जवळजवळ भरलेलं. हिशेब आणि लकब दोन्ही जुळले, म्हणून तो शब्द टिकला.

काकांना हे पटलं नाही तर वाद घालू नका. दोन्ही बाजूंनी गाठ विसाशीच आहे. फक्त समासातला तो हिशेब स्मरणिकेत छापू नका, एवढं मात्र सांगेन.

आता दुसऱ्या शब्दाकडे येतो, कारण ‘दारिद्र्य’ हा शब्द स्वतःच मोठा आहे आणि त्याच्याबद्दल कुणी विचारत नाही.

संस्कृतात ‘द्रा’ हा धातू आहे. पाणिनीय धातुपाठात त्याचा अर्थ दिला आहे ‘कुत्सायां गतौ’, म्हणजे वाईट तऱ्हेने जाणं, फरपटत, पळापळ करत जाणं. त्याचंच द्विरुक्त, पुन्हापुन्हा घडणाऱ्या क्रियेचं रूप ‘दरिद्रा’. धातुपाठ त्याला स्वतंत्र धातू मानतो आणि अर्थ सांगतो ‘दुर्गतौ’. इथेही ‘गती’ आहेच. म्हणजे दरिद्र माणूस हा मुळात ‘ज्याच्याकडे काही नाही’ असा नसून ‘जो इकडून तिकडे सारखा धावतो’ असा आहे. ज्याला बूड टेकायला जागा नाही. गावात काम नाही म्हणून शहराकडे, शहरात नाही म्हणून दुसऱ्या शहराकडे. सकाळी सात वाजता आपल्याकडच्या कुठल्याही मजूर-ठिय्यावर उभे राहा, फावडं-घमेलं घेऊन थांबलेली माणसं दिसतील, आज इथे, काम मिळालं नाही तर उद्या दुसऱ्या चौकात. धातुपाठ लिहिणाऱ्याला हे ठाऊक होतं.

आपण बोलतानाही म्हणतो, ‘काय गत झाली बिचाऱ्याची!’ ती ‘गत’ म्हणजे हीच गती.

याहून नवलाची गोष्ट रुद्रात आहे. ज्यांच्या घरी श्रावणात लघुरुद्र होतो त्यांनी ही ओळ कितीदा तरी ऐकली असेल. यजुर्वेदातल्या शतरुद्रीयात रुद्राला एके ठिकाणी ‘द्रापे अन्धसस्पते दरिद्र नीललोहित’ असं हाक मारून बोलावलं आहे. यजुर्वेदाच्या वाजसनेयी शाखेतला पाठ ‘दरिद्र’, तैत्तिरीय शाखेतला ‘दरिद्रन्’. म्हणजे प्रत्यक्ष देवाला दरिद्र म्हटलंय! भाष्यकार त्याचा अर्थ करतात, ज्याच्यापाशी कसलाही संग्रह नाही असा. मूळ धातूकडे पाहिलं तर ‘भटकणारा’ हाही अर्थ रानावनात फिरणाऱ्या रुद्राला शोभतोच. पुढे विवेकानंदांनी ‘दरिद्रनारायण’ हा शब्द रूढ केला आणि गांधीजींनी तो सतत वापरला, तेव्हा तो नवा वाटला. दरिद्र आणि देव यांची सांगड मात्र त्याच्या कितीतरी आधी बसलेली होती.

लिहिताना लक्षात ठेवायचं ते एवढंच: माणूस ‘दरिद्री’ किंवा ‘दरिद्र’, आणि त्याची अवस्था ‘दारिद्र्य’. शेवटचं जोडाक्षर द, र आणि य असं तीन व्यंजनांचं आहे. मुद्रितात दहापैकी निम्म्या वेळा ‘दारिद्रय’ असं सुटं ‘य’ घेऊन येतं, ते चूक. बोलताना ‘दरिद्र हाय’ म्हणतात ते बोलीचं रूप आहे, संवादात तसंच ठेवावं, सुधारायला जाऊ नये.

ताईंनी जोडून विचारलं आहे की ‘गरिबी’ आणि ‘दारिद्र्य’ यांत फरक काय. फरक मोठा आहे. ‘गरीब’ हा अरबी शब्द, आणि अरबीत त्याचा अर्थ परका, परदेशी, अनोळखी. हिंदीतला ‘अजीबोगरीब’ आठवा, तिथे गरीब म्हणजे निर्धन नाही, तिथे विचित्र, कधी न पाहिलेलं असा जुना अर्थ अजून शिल्लक आहे. परक्या मुलखात आलेला, ज्याचं इथे कुणी नाही, तो गरीब. फारसीतून येता येता तो ‘निर्धन’ झाला. मराठीत आल्यावर त्याला आणखी एक मऊ अर्थ चिकटला: साधा, निरुपद्रवी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ‘गरीब गाय’ म्हणतो ती या अर्थाने. दरिद्री गाय कुणी म्हणत नाही. उलट ‘दरिद्री’ मराठीत शिवी झाला आहे, ‘दरिद्री मेला’ असं म्हटलं की त्यात पैशाचा संबंध उरत नाही, वृत्तीचा राहतो. म्हणून आजोबांबद्दल लिहिताना ‘ते दरिद्री होते’ असं लिहू नका. ‘घरी दारिद्र्य होतं’ चालेल. दारिद्र्य घरात असतं, माणसाला दरिद्री म्हटलं की ते त्याच्या अंगाला लागतं.

बाकीचे शब्दही थोडक्यात बघू. ‘हलाखी’ अरबी ‘हलाक’वरून, म्हणजे नाश. ‘मुफलिस’ हाही अरबी, त्याच्या पोटात ‘फुलूस’ ही तांब्याची क्षुद्र नाणी आहेत. ‘निष्कांचन’ मात्र संस्कृत. त्यात ‘निष्क’ नावाचं नाणं शोधणारे विद्वान मला भेटले आहेत, पण त्याची फोड ‘निस्’ अधिक ‘कांचन’ अशी आहे, ज्याच्याकडे सोनं नाही असा. ‘फुटकी कवडी’ची किंमत काढायची हौस असेल तर भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लीलावतीत कोष्टक देऊन ठेवलंय: २० कवड्यांची एक काकिणी, ४ काकिणींचा एक पण, १६ पणांचा एक द्रम्म. म्हणजे द्रम्माच्या १२८० कवड्या. तीही फुटकी. आणि बघा, तिथेही सुरुवात विसानेच आहे.

‘कडकी’ ही वेगळी गोष्ट. कडकी पगाराच्या आधी आठ दिवस येते आणि पगाराला जाते. कॉलेजातल्या पोरांनी चहाला पैसे नाहीत म्हणून ‘अठराविश्वे दारिद्र्य’ म्हणणं हा विनोद झाला.

एक घरगुती शब्द मात्र इथे थांबून सांगायला हवा, कारण आजोबांच्या पिढीतल्या बायका ‘दारिद्र्य’ फारसं म्हणत नसत. त्या म्हणत, ‘अक्काबाईचा फेरा आला.’ ही अक्काबाई कोण? अक्का म्हणजे थोरली बहीण. समुद्रमंथनात लक्ष्मीच्या आधी जी वर आली ती ज्येष्ठा, अलक्ष्मी, अवदसा. लक्ष्मीची थोरली बहीण, म्हणून अक्का. पोटात धडकी भरवणाऱ्या गोष्टीला नात्याने, मानाने हाक मारायची ही आपली जुनी रीत. देवीच्या रोगाला ‘देवी’ म्हणायचं, तसंच. नाव घेतलं तर ती येईल अशी भीती, म्हणून ‘अक्काबाई’. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री घरातली बाई केरसुणीने घर झाडून सूप वाजवत दारापर्यंत जाते, ते या अक्काबाईला घालवायला.

यात एक गंमत आहे. आपल्या नागपुरात भाद्रपदात घरोघरी महालक्ष्म्या बसतात, पुण्याकडचे लोक ज्यांना गौरी म्हणतात. दोन मुखवटे, एक ज्येष्ठा आणि एक कनिष्ठा. आंबील, पुरणपोळी, सोळा भाज्या, नवी लुगडी, काय थाट असतो! काही जण विचारतात, ज्येष्ठा म्हणजे अलक्ष्मी ना, मग तिचा एवढा मान कसा? पंचांगाकडे बघितलं तर नाव वेगळ्या वाटेनेही आलेलं दिसतं. महालक्ष्म्या येतात अनुराधा नक्षत्रावर, जेवतात ज्येष्ठा नक्षत्रावर आणि जातात मूळ नक्षत्रावर. पूजेचं नक्षत्र ज्येष्ठा, म्हणून ज्येष्ठा गौरी. पण आमच्याकडच्या आज्या दोन्ही बहिणींना सारखंच लुगडं नेसवत आणि म्हणत, ‘थोरलीले नाराज करू नाई बाप्पा.’ नक्षत्र त्यांनाही माहीत होतं.

सरकारी भाषेत यातलं काहीच उरलं नाही. तिथे ‘दारिद्र्यरेषा’ आली. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साली देशपातळीवर ही रेषा खेड्यात माणशी महिना ८१६ रुपये आणि शहरात १००० रुपये खर्चावर ओढली गेली. पुढे २०१४ मध्ये रंगराजन समितीने ती ९७२ आणि १४०७ वर नेली. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून शिधापत्रिकांना तीन रंग आले, आणि तेव्हापासून वस्तीतल्या बोलण्यात ‘पिवळं कार्ड’ हाच दारिद्र्याचा शब्द झाला. ‘आमचं पिवळं हाय’ एवढं म्हटलं की रेशन दुकानात, शाळेत, दवाखान्यात पुढचं सांगावं लागत नाही. पण आजोबांच्या बालपणी रेषाही नव्हती आणि कार्डही नव्हतं, तेव्हा ‘ते दारिद्र्यरेषेखाली होते’ असं स्मरणिकेत लिहू नका. एका मसुद्यात तसं वाचलं, म्हणून सांगतो.

वापराबद्दल दोन गोष्टी. ‘अठराविश्वे’ हे विशेषण फक्त दारिद्र्यालाच लागतं. अठराविश्वे दुःख, अठराविश्वे संकट, असं हल्ली भाषणांतून ऐकू येतं, ते कानाला खटकतं. आणि या शब्दाबरोबर क्रियापद कुठलं येतं तेही बघा. दारिद्र्य ‘असतं’, पण अठराविश्वे दारिद्र्य ‘नांदतं’. सून नांदते तसं, ठाण मांडून. ‘घरात अठराविश्वे दारिद्र्य नांदत होतं’ हे मराठीचं वळण. जन्मापासूनचं म्हणायचं असेल तर ‘पाचवीला पुजलेलं’. मूल जन्मल्यावर पाचव्या दिवशी जी पूजा होते ती ही पाचवी, आणि त्या दिवशी जे पुजलं ते जन्मभर साथ सोडत नाही असा समज. मात्र दोन्ही एकाच वाक्यात कोंबू नका. ‘अठराविश्वे दारिद्र्य पाचवीला पुजलेलं’ असं छापलेलं मी वाचलं आहे. एक पुरे.

आणि जमलं तर त्या वाक्याच्या पुढे एक ओळ अशी घाला की जिच्यात काहीतरी दिसेल. ताईंनी मला जी वही दाखवली तिच्यात आजोबांच्याच अक्षरात आहे की थोरल्या भावाची आणि त्यांची शाळा वेगवेगळ्या वेळेला होती, आणि दोघांत सदरा एकच होता. सकाळी भाऊ घालून जायचा, दुपारी हे. तेव्हा वाक्य असं करा: ‘त्यांच्या घरी अठराविश्वे दारिद्र्य नांदत होतं. दोन भावांत शाळेचा सदरा एकच होता, सकाळी थोरल्याचा आणि दुपारी आजोबांचा.’ अठराविश्वे जोडून, दारिद्र्यातलं जोडाक्षर नीट बघून घ्या, आणि टाइप करणाऱ्याला सांगा, यावेळी स्वतःहून काही सुधारू नको.